थरथरणारे डोंगर

प्रश्न : विन्सर मॅके यांचा ‘गर्टी द डायनोसॉर’ हा १९१४चा, हाताने काढलेल्या चित्रांचा मूकपट पाहिला. गर्टीच्या मागचे डोंगर, दगड सारखे थरथरत असतात. फिल्म जुनी झाल्यामुळे, की चित्रकाराचा हात कच्चा होता?

उत्तर : हात कच्चा? अहो, वर्तमानपत्रातल्या चित्रमालांनी आधीच गाजलेला माणूस तो! आणि फिल्मचाही यात फारसा दोष नाही. ते डोंगर हलतात, कारण ते प्रत्येक कागदावर नव्याने काढलेले आहेत.

पारदर्शक सेल्युलॉइडवर फक्त पात्र काढायचं आणि खाली एकच देखावा ठेवायचा, ही युक्ती पेटंटसाठी मांडली ॲनिमेटर अर्ल हर्ड यांनी, १९१४च्या डिसेंबरात. गर्टी फेब्रुवारीतच रंगमंचावर आली होती. त्यामुळे पातळ राइस पेपरच्या हजारो कागदांवर मॅके गर्टीला काढत आणि तेच डोंगर, तेच तळं, तेच दगड गिरवत बसे जॉन फिट्झसिमन्स हा त्यांचा तरुण मदतनीस. कागद जागच्या जागी बसावेत म्हणून कोपऱ्यांत खुणा केलेल्या असत. तरी केसभर इकडेतिकडे व्हायचंच. मी एकदा हौसेने एक साधा दगड चोवीस कागदांवर गिरवला. पडद्यावर तो दगड जेलीसारखा लदलदत होता. तेव्हापासून फिट्झसिमन्सला मी मनातल्या मनात नमस्कार करतो.

मॅके यांचं लक्ष मात्र गर्टीच्या जिवंतपणावर. तिच्या श्वासाला किती वेळ द्यायचा, हे त्यांनी स्वतःचा श्वास घड्याळ लावून मोजून ठरवलं. कारण रंगमंचावरच्या खेळात पडद्यापुढे ते स्वतः उभे राहणार होते, हातात चाबूक घेऊन. ते हुकूम सोडत, ती ऐके किंवा रुसून रडे. शेवटी ते पडद्यामागे जात आणि त्याच क्षणी चित्रातले मॅके प्रकट होऊन गर्टीवर स्वार होत. एका क्षणाची चूक झाली असती तर सगळी जादू फसली असती. अशा खेळात दगडांकडे कोण बघतंय? (तुम्ही बघितलंत, हे मला आवडलं.)

आता आणखी एक गंमत बघा. मेहनत वाचवायला मॅके काही हालचालींचे तेच कागद क्रमाने पुन्हा पुन्हा कॅमेऱ्याखाली ठेवत. गर्टी डोलते तिथे थोडा वेळ तिच्यावरून नजर काढा आणि एकच दगड धरून ठेवा. त्याचं थरथरणंही ठेका धरून परत येताना दिसेल.