आईंना घेऊन दक्षिण फ्रान्समधल्या कासी गावाजवळच्या आं-वो किनाऱ्यावर जाता येईल का?

आईंचे गुडघे दुखतात म्हणताय, तर आं-वोचा हट्ट नको. शेवटची उतरण उभी आहे आणि तिथला चुनखडीचा दगड लोकांच्या पावलांनी झिजून साबणासारखा गुळगुळीत झालाय. त्याच वाटेवर आधी पोर-पँ हा किनारा लागतो, तिथेच थांबा. कासीहून चालत साधारण तासभर. पाइनची सावली थेट किनाऱ्यापर्यंत येते, आईंना निवांत बसता येईल.

पाणी भर ऑगस्टातही गार लागू शकतं. मिस्त्राल हा जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा जोराचा वारा वरचं कोमट पाणी खोल समुद्राकडे लोटतो आणि तळाचं थंड पाणी वर येतं. उन्हाळ्यात वणव्याच्या धोक्यामुळे वाटा कधी कधी बंद ठेवतात, म्हणून आदल्या संध्याकाळी इथल्या कालांक राष्ट्रीय उद्यानाची सूचना बघाच. पिण्याचं पाणी भरपूर न्या.