अ‍ॅब्लेटिव्ह म्हणजे पंचमी की तृतीया?

प्रश्न : लॅटिन शिकतो आहे. शाळेत संस्कृत होतं, म्हणून प्रत्येक 'केस'शेजारी आपल्या विभक्तीचं नाव लिहीत गेलो. अ‍ॅब्लेटिव्हपाशी अडलो. 'तलवारीने' म्हणायलाही तीच आणि 'शहरातून' म्हणायलाही तीच. मग लॅटिनला तृतीया आणि सप्तमी नाहीतच का?

उत्तर : होत्या, पण पंचमीत मिसळून गेल्या. लॅटिनच्या सहा विभक्तींत संबोधन धरलेलं असतं, म्हणजे संस्कृतच्या सातांपुढे खऱ्या पाचच. कमी भरतात त्या नेमक्या या दोन.

हे वाक्य घ्या : 'आ मीलिते ग्लादिओ ओक्कीसुस एस्त'. सैनिकाकडून तलवारीने मारला गेला. 'मीलिते' आणि 'ग्लादिओ' दोन्ही अ‍ॅब्लेटिव्हच. पण मारणाऱ्या माणसाआधी 'आ' (मूळ 'आब', म्हणजे 'पासून') लागतो, हत्याराआधी काही लागत नाही. मराठीही इथे तसाच भेद करते : हत्याराला 'ने', माणसाला 'कडून'. आणि त्या 'कडून'मध्ये पंचमीचा 'ऊन' बसलेला आहेच! म्हणजे 'ग्लादिओ' तृतीया आणि 'आ मीलिते' पंचमी, असं बिनदिक्कत लिहा. 'मेल्ले दुल्किओर' म्हणजे 'मधाहून गोड', तीही आपल्या 'हून'सारखी पंचमीच.

हा घोळ रोमन लोकांच्याही लक्षात आला होता. ग्रीकमध्ये ही विभक्ती नाही, म्हणून रोमन विद्वान व्हारो तिला 'सहावी' आणि खास लॅटिनची म्हणतो. पहिल्या शतकातला वक्तृत्वाचा शिक्षक क्विंटिलियन तर 'हास्ता पेर्कुस्सी' (भाल्याने मारलं) हे उदाहरण घेऊन म्हणतो, इथे अ‍ॅब्लेटिव्हचा स्वभाव दिसत नाही. मग लॅटिनमध्ये सातवी विभक्ती आहे की काय, असं तो विचारतो. आपल्याकडच्या शाळकरी मुलानेही त्याला 'करणे तृतीया' (साधनाला तृतीया) असं पाठ म्हणून दाखवलं असतं.

रूपाचं मूळ मात्र, निदान 'ओ'कारान्त एकवचनात, पंचमीचंच. इ.स.पू. 298 मध्ये कॉन्सुल (रोमचा सर्वोच्च अधिकारी) असलेल्या स्किपिओ बार्बातुसच्या दगडी शवपेटीवर 'ग्नाइवोद पात्रे प्रोग्नातुस' असं कोरलेलं आहे : ग्नाएउस या पित्यापासून जन्मलेला. हा 'ओद' आणि 'देवात्'मधला 'आत्' सख्खे भाऊ. पुढे शेवटचा 'द' गळाला आणि 'ओ' उरला. अनेकवचनात तर चतुर्थीचं रूपही अ‍ॅब्लेटिव्हसारखंच. त्यात नवल नाही, 'बालेभ्यः'सुद्धा चतुर्थी-पंचमीला एकच आहे आणि मराठीत द्वितीया-चतुर्थीला 'स, ला, ते' एकच.

सप्तमी मात्र पुरती मेली नाही. 'दोमी' म्हणजे घरी, 'रूरी' म्हणजे गावी, 'रोमाए' म्हणजे रोममध्ये. गावांची नावं, लहान बेटं आणि असे दोनचार शब्द एवढ्यांतच ती टिकली. मराठीत 'घरी', 'दारी', 'गावी' चालतं पण 'टेबली' चालत नाही, तसंच. बाकी ठिकाणी 'इन' आणि अ‍ॅब्लेटिव्ह : 'इन उर्बे', शहरात. इथे एक खाचखळगा आहे. 'इन उर्बेम' असं द्वितीयेत म्हटलं की अर्थ 'शहरात (शिरतो)' असा होतो. मराठीत दोन्हीकडे 'शहरात'च येतं, त्यामुळे आपली माणसं हटकून चुकतात. 'ग्रामं गच्छति, ग्रामे वसति' आठवा, म्हणजे चुकणार नाही.

संस्कृतवाल्यांना सगळ्यांत सोपा जाणारा भाग म्हणजे सति सप्तमी. 'रामे वनं गते' (राम वनात गेल्यावर) या धाटणीचं वाक्य लॅटिन अ‍ॅब्लेटिव्हमध्ये करते : 'उर्बे काप्ता', शहर जिंकल्यावर. सीझरच्या लिखाणात 'हिस रेबुस कोग्नितिस' (या गोष्टी कळल्यावर) वारंवार भेटतं. इंग्रजीवरून लॅटिन शिकणारे यावर आठवडे घालवतात, तुम्ही एका बैठकीत उरकाल. आपण रोज वापरतो तो 'व्हाइसा व्हर्सा' हाही याच रचनेचा.

वहीत 'पंचमी' खोडू नका, शेजारी 'तृ.' आणि 'स.' एवढं जोडा आणि वाक्यागणिक यांतली कोणती ते ठरवा. सरावाला शाळेचा 'बोनाफाईड' घ्या. 'बोना फिदे' अ‍ॅब्लेटिव्ह आहे आणि अर्थ 'सद्भावनेने'. आता विभक्ती तुम्हीच सांगा.