आमचा बचत गट लहान मुलांसाठी ज्वारीचं पौष्टिक पीठ करणार आहे (जि. यवतमाळ). लोह, जीवनसत्त्वं आम्हीच मिसळू का?

पीठ तुम्ही करा, पण लोह-जीवनसत्त्वांची पावडर (तिला प्रीमिक्स म्हणतात) अंदाजाने टाकू नका. प्रीमिक्स चिमूटभरच लागतं. ते पिठात सगळीकडे सारखं पसरलं नाही तर एका पुड्यात जास्त, दुसऱ्यात काहीच नाही. लोह जास्त झालं तर लेकराला बाधतं. वजनकाटा, मिक्सर आणि तपासणीची सोय असेल तरच त्यात पडा.

त्याआधी पीठच दमदार करा. तीन वाट्या ज्वारी, एक वाटी मूगडाळ, अर्धी वाटी दाणे. ज्वारी रात्रभर भिजवून फडक्यात बांधा, बारीक मोड आले की कडक उन्हात वाळवा आणि मोड चोळून पाखडून टाका. हे टाळू नका; कोवळ्या ज्वारीने गुरं दगावतात, तेच विष मोडात असतं. मग डाळ आणि दाणे वेगवेगळे खरपूस भाजा, ज्वारी मात्र हलकीच शेका, जास्त भाजली तर मोडाचा गुण जातो; मग दळा. मोडाच्या पिठाची लापशी पातळ राहते, म्हणून त्याच वाटीत जास्त पीठ मावतं. लेकराचं पोट केवढंसं! सोयाबीन घरचं आहे म्हणून कच्चं दळू नका, उकळून वाळवून मगच भाजा.

सहा महिन्यांच्या आत काहीच नाही, फक्त अंगावरचं दूध. नंतर वाटीभर लापशीत चमचाभर तेल, वरून लिंबू; लिंबामुळे लोह अंगी लागतं. आणि ते सकाळचं चहा-बिस्कीट बंद करा, चहा लोह अडवतो. अंगणवाडीचा घरपोच आहारही सोडू नका, सहा महिने ते तीन वर्षांच्या बाळाला तो मिळायला हवा असा नियम आहे.