शोकेस कॅम्पला निघण्यापूर्वी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली बेसबॉलच्या शोकेस कॅम्पची, म्हणजे कॉलेजच्या प्रशिक्षकांसमोर खेळ दाखवण्याच्या शिबिरांची, दोन्ही निमंत्रणे वाचली. पहिल्या पत्रातल्या ‘आमच्या प्रशिक्षकांनी तुझ्या खेळाची नोंद घेतली आहे’ या वाक्याने घरात किती आनंद झाला, हे तुझ्या आईच्या फोनवरून कळले. तरीही त्या वाक्यावर विसंबून पैसे भरू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. एनसीएए या अमेरिकेतल्या कॉलेज-खेळांच्या नियामक संस्थेच्या नियमाप्रमाणे कॉलेजने भरवलेला कॅम्प सर्वांना खुला ठेवावा लागतो आणि जागांची संख्या, वय, इयत्ता व मुलगा-मुलगी हा भेद एवढ्याच कारणांवरून प्रवेश मर्यादित करता येतो. म्हणजे फी भरणाऱ्या तुझ्या वयाच्या कोणालाही तिथे जाता येते, आणि तेच पत्र इतर असंख्य मुलांना गेले असण्याचीच शक्यता अधिक आहे.

दुसरी अडचण तारखेची आहे. पहिल्या पत्रातला कॅम्प डिव्हिजन वन, म्हणजे एनसीएएच्या तीन गटांपैकी सर्वांत वरच्या गटातल्या कॉलेजचा असून तो जूनमध्ये आहे आणि तू नुकताच दहावीतून अकरावीत जातो आहेस. बेसबॉलमध्ये डिव्हिजन वनच्या प्रशिक्षकांना अकरावीच्या आधीच्या १ ऑगस्टपर्यंत खेळाडूशी भरतीविषयी बोलता येत नाही, मग तो समोर उभा असला तरीही. ते तुला शिकवतील, तुझा फेक सुधारतील, पण ‘आम्हाला तू हवा आहेस का’ या प्रश्नाचे उत्तर त्यांना देता येणार नाही. तुझ्या बाबांना क्रिकेटच्या निवडचाचणीची सवय आहे, जिथे संध्याकाळी फलकावर यादी लागते. इथे यादी लागत नाही. आपणच विचारावे लागते, आणि म्हणून उत्तर मिळू शकेल अशाच ठिकाणी जावे. ऑगस्टच्या मध्यावर होणाऱ्या दुसऱ्या कॅम्पला तिन्ही डिव्हिजनचे प्रशिक्षक एकाच मैदानावर येणार आहेत. जूनचा सोडून दे, तिथे जा.

जाण्याआधी येणाऱ्या कॉलेजांची यादी घेऊन त्यांतली आपल्या गुणांना व खेळाला साजेशी पाच-सहा निवड आणि प्रत्येक प्रशिक्षकाला स्वतः ईमेल लिही. उत्तीर्ण होण्याचे वर्ष, मैदानावरची जागा, उंची, वजन, जीपीए (शाळेतील गुणांची सरासरी) आणि दोन मिनिटांचा व्हिडिओ एवढे पुरे. शेवटी एकच प्रश्न असावा: तुझ्या वर्षासाठी त्यांना तुझ्यासारखा कॅचर, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा, हवा आहे का? ज्या संघाकडे आधीच तीन तरुण कॅचर आहेत, त्याच्यासमोर कितीही चांगले खेळलास तरी उपयोग थोडाच. हे ईमेल आईने लिहिले की ओळखू येते, एवढे ध्यानात असू दे.

कॅम्पच्या दिवशी साठ यार्डांची धाव, फलंदाजीतील चेंडूचा वेग वगैरे मोजमापे होतील. कॅचरच्या धावेकडे फार कोणी पाहत नाही, तेव्हा तिची काळजी सोड. तुझे मोजमाप म्हणजे पॉप टाइम. चेंडू तुझ्या मिटमध्ये, म्हणजे कॅचरच्या हातमोज्यात, बसला की घड्याळ सुरू होते आणि दुसऱ्या बेसवरच्या खेळाडूच्या ग्लोव्हमध्ये तो पोचला की थांबते. हे अंतर १२७ फुटांहून किंचित जास्त आहे, आणि दोन सेकंदांच्या आसपासची वेळ कोणत्याही प्रशिक्षकाला वही उघडायला लावते. त्या दोनासाठी मुले चेंडू हातात येण्याआधीच उठू लागतात, पकड चुकते आणि फेक सेंटर फील्डकडे उडतो. तुझी वेळ २.१ आली तरी चालेल, पण प्रत्येक फेक बेसच्या पहिल्या बेसकडील अंगाला, गुडघ्याच्या उंचीवर, धावपटूला बाद करता येईल असा गेला पाहिजे. घड्याळ एकच आकडा दाखवते. बाकीचे प्रशिक्षक डोळ्यांनी पाहतो.

तुझ्या कामाचा खरा भाग त्यानंतर सुरू होतो, कारण तुला अनोळखी पिचरांचे (गोलंदाजांचे) चेंडू झेलायचे आहेत. प्रत्येकाकडे सरावाआधी चालत जा, तो काय काय टाकतो आणि कोणत्या चेंडूवर त्याचा विश्वास आहे हे विचार, आणि खुणा ठरवून घे. एखाद्याचा कर्व्ह, म्हणजे वळणारा चेंडू, सतत जमिनीवर आदळत असेल तर कपाळाला आठ्या न घालता तो छातीने अडव. पिचरला पाहायला आलेला प्रशिक्षक तेवढा वेळ तुलाही पाहत असतो, आणि ही संधी शॉर्टस्टॉपसारख्या क्षेत्ररक्षकाला मिळत नाही.

नावनोंदणी करताना ‘कॅचर व पिचर’ असे लिहिण्याचा मोह टाळ. मेजर लीग बेसबॉल व यूएसए बेसबॉल यांच्या ‘पिच स्मार्ट’ मार्गदर्शनात एकाच सामन्यात पिचिंग आणि कॅचिंग दोन्ही करू नये असे सांगितले आहे, आणि तुझ्या वयाला वर्षातून किमान चार महिने स्पर्धात्मक पिचिंगपासून विश्रांती सांगितली आहे. वेग मोजणाऱ्या रडार गनपुढे ताशी दोन मैल जास्त दाखवण्यासाठी कोपराचे स्नायुबंध पणाला लावण्यात काहीही शहाणपण नाही.

बाबांना जाळीपासून दूर बसव. जाळीमागून मराठीत दिलेल्या ‘कोपर वर!’ या सूचनेचा अर्थ प्रशिक्षकांना कळला नाही, तरी तिचा सूर नक्की कळतो. बॅग तूच उचल.

पैशांविषयी तुझ्या आईने विचारले होते. डिव्हिजन वनमध्ये अनेक वर्षे एका संघाला ११.७ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती आणि त्या पस्तिसेक जणांच्या संघातील अनेक खेळाडूंत वाटल्या जात. २०२५ पासून खेळाडूंना थेट पैसे देण्याच्या नव्या व्यवस्थेत आलेल्या कॉलेजांत ती मर्यादा उठली, पण संघाला ३४ जणांची मर्यादा आली. डिव्हिजन थ्रीमध्ये खेळाची शिष्यवृत्ती नसतेच. तिथे गुणांवरची व गरजेनुसारची मदत मिळते, म्हणून तुझे गणिताचे गुण तुझ्या पॉप टाइमइतकेच मोलाचे आहेत. गुणपत्रक जवळ ठेव, आणि एनसीएएला डिव्हिजन वन व टूसाठी लागणाऱ्या सोळा मूळ अभ्यासक्रमांपैकी किती झाले, हे शाळेच्या समुपदेशकाकडून आताच तपासून घे.

पाच-सहा कॉलेजांची यादी झाली की ईमेलच्या मसुद्यासह मला पाठव. मसुदा मी तपासून देईन. लिहिणार मात्र तूच.

आई-बाबांना नमस्कार.

तुझा,
काका