खडूची भिंत करताय? आधी ओल बघा

ताई, पोरांना खडूने लिहायला घरातल्या भिंतीला ब्लॅकबोर्ड पेंट (फळ्यासारखा काळा रंग) मारायची तुमची आयडिया मस्त आहे, बिनधास्त करा, फक्त अख्खी भिंत नको, पोरांच्या हाताला येईल असा चार बाय तीन फुटांचा तुकडा घ्या. आणि आधी भिंतीला हात लावून बघा. आपल्या ठाण्यात पावसाळ्यात बाहेरच्या भिंतींना ओल येतेच, मी कोपरीच्या घरी नेमकी तीच भिंत निवडली आणि गणपतीपर्यंत काळे पोपडे सोफ्यावर पडायला लागले, बायको अजून ऐकवते. आतली कोरडी भिंत घ्या, पाऊस संपल्यावरच.

मग एवढंच:
- भिंतीचे खड्डे पुट्टीने भरून २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, धूळ पुसा, प्रायमर मारा. उंचवटा राहिला की खडू तिथेच अडकतो.
- ब्रश नको, फोमचा छोटा रोलर. दोन-तीन पातळ हात, मध्ये डब्यावर लिहिलंय तेवढा वेळ थांबा. एकाच जाड हातात उरकायला गेलात की ओघळ येतात.
- कडेची मास्किंग टेप शेवटचा हात ओला असतानाच काढा.

रंग सुकलेला दिसला तरी तीन दिवस पोरांना लांब ठेवा (हेच सगळ्यात अवघड). नंतर खडू आडवा धरून रंगवलेला पूर्ण तुकडा पांढरा करा आणि कोरड्या फडक्याने पुसा. हे नाही केलं तर पहिलं लिहिलेलं कायम पुसट दिसत राहतं, आमच्याकडे 'दूध २ लिटर' वर्षभर होतं.

चुंबक चिकटणारा मॅग्नेटिक रंग वगैरे नंतर बघू. भिंत कुठली निवडली ते सांगा.