नोव्हा लेक आणि झेन ६ यांच्या फुटलेल्या आकड्यांवर विसंबून संगणक घेणे लांबवावे का?

आपला प्रश्न असा आहे की, इंटेलच्या नोव्हा लेक आणि एएमडीच्या झेन ६ या आगामी डेस्कटॉप प्रोसेसरविषयी ५२ कोर (प्रोसेसरमधील स्वतंत्रपणे काम करणारे भाग), ६ गिगाहर्ट्झच्या पुढचा वेग, असे जे आकडे फिरत आहेत, त्यांवर विश्वास ठेवून नवा संगणक घेणे लांबणीवर टाकावे का. सध्या आपल्याकडे रायझन ५ ३६०० आहे, काम मुख्यतः व्हिडिओ एडिटिंगचे आहे आणि अधूनमधून गेम खेळले जातात, असेही आपण लिहिले आहे. संगणक जोडून देणे हाच माझा व्यवसाय असल्यामुळे हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. माझे उत्तर असे की, प्रोसेसरच्या रचनेविषयीच्या बातम्या बऱ्याच अंशी खऱ्या ठरतात, परंतु वेग आणि किंमत यांविषयीच्या बातम्यांवर खरेदीचा कोणताही निर्णय आधारू नये.

याचे कारण प्रोसेसर तयार होण्याच्या क्रमात आहे. किती कोर असतील, कॅशे (प्रोसेसरमधीलच अतिजलद मेमरी) किती असेल, सॉकेट (मदरबोर्डवरील प्रोसेसर बसवण्याची जागा) कोणते असेल या गोष्टी आराखडा चिप-कारखान्याकडे जातो तेव्हाच पक्क्या झालेल्या असतात, आणि ते विक्रीच्या पुष्कळ आधी घडते. त्यानंतर मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपन्या, बायोस (मदरबोर्डवरील, संगणक सुरू करणारे सॉफ्टवेअर) लिहिणारे आणि नमुने ने-आण करणारे अशा असंख्य लोकांना ती रचना ठाऊक होते. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमध्ये (गाभ्यात) आणि जीसीसी या कंपायलरमध्ये (प्रोग्रॅमचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या साधनात) नव्या प्रोसेसरसाठीचे बदल तर कंपन्या स्वतःच आधी उघडपणे पाठवतात. चाचणीचे नमुने भारतातील अभियंत्यांकडेही येत असल्याने आपल्या देशाच्या आयात-निर्यात नोंदींतून अशा कित्येक बातम्या यापूर्वी बाहेर पडल्या आहेत. क्लॉकचा वेग मात्र प्रत्यक्ष सिलिकॉन, म्हणजे तयार चिप, हाती आल्यावर, किती चिपा किती व्होल्टेजला कुठवर टिकतात हे पाहून ठरतो, आणि किंमत तर प्रतिस्पर्ध्याकडे पाहून अगदी शेवटच्या आठवड्यांत ठरते. इमारतीचे मजले नकाशा मंजूर होतानाच ठरतात, पण फ्लॅटचा दर बाजार पाहून निघतो, तसेच हे आहे.

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण एएमडीच्या रायझन ३००० मालिकेचे आहे. डिसेंबर २०१८ मध्ये अशी बातमी पसरली की १६ कोरचा, ५.१ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर ४९९ डॉलरला मिळणार आहे. जानेवारी २०१९ मध्ये लास व्हेगासच्या सीईएस प्रदर्शनात एएमडीच्या प्रमुख लिसा सू यांनी मंचावर जी चिप हातात धरून दाखवली, तिच्यावर एका बाजूला आयओ डाय (बाहेरच्या जोडण्या सांभाळणारा सिलिकॉनचा तुकडा) होता, वरच्या कोपऱ्यात आठ कोरची छोटी डाय होती आणि तिच्या शेजारी तेवढ्याच आकाराची जागा रिकामी होती. ज्यांनी ते छायाचित्र नीट पाहिले, त्यांना १६ कोरची बातमी खरी आहे हे त्याच दिवशी समजले. पुढे ७ जुलै २०१९ रोजी ४९९ डॉलरला जो रायझन ९ ३९००एक्स आला, तो १२ कोरचा आणि ४.६ गिगाहर्ट्झचा होता. १६ कोरचा ३९५०एक्स नोव्हेंबरमध्ये ४.७ गिगाहर्ट्झ वेगाने ७४९ डॉलरला आला. म्हणजे एकाच बातमीतील रचना अचूक निघाली, तर वेग आणि किंमत दोन्ही चुकले. प्रोसेसर उत्तम होता, तरीही ५.१ चा आकडा डोक्यात घेऊन बसलेल्या अनेकांची निराशा झाली, याचे मला तेव्हाही वाईट वाटले होते.

एएमडीच्या नंतरच्या झेन ५ या पिढीच्या वेळी तेच घडले. क्लॉकच्या एका ठोक्यामागे होणारे काम ४० टक्क्यांनी वाढेल अशी चर्चा होती, आणि जून २०२४ मध्ये एएमडीने सरासरी १६ टक्के वाढ जाहीर केली. कंपनीने दिलेल्या तक्त्यातही गीकबेंच या वेग मोजणाऱ्या प्रोग्रॅमच्या एईएस या सांकेतीकरणाच्या चाचणीत ३५ टक्के आणि ‘फार क्राय ६’ या गेममध्ये १० टक्के इतके अंतर होते. त्यामुळे कोणी ‘अमुक टक्के वाढ’ एवढेच सांगितले तर ती कोणत्या कामातली, हे विचारल्याशिवाय त्या आकड्याला काहीही अर्थ नसतो.

आता लीक झालेल्या बेंचमार्कांकडे, म्हणजे वेगाच्या चाचण्यांच्या आकड्यांकडे, येतो. ते बहुधा खोटे नसतात, पण ते आपल्या प्रश्नाचे उत्तर देत नाहीत. रायझन ७ ५८००एक्स३डी हा प्रोसेसर २० एप्रिल २०२२ रोजी बाजारात आला. मूळ ५८००एक्समध्ये ३२ एमबी एल३ कॅशे होती. या नव्या चिपमध्ये त्यावर ६४ एमबीचा आणखी एक थर बसवून ती ९६ एमबी केली होती, आणि त्यापायी व्होल्टेज मर्यादित ठेवावे लागल्याने कमाल वेग ४.७ वरून ४.५ गिगाहर्ट्झवर आणला होता. विक्रीपूर्वी जे पहिले आकडे बाहेर आले ते सिनेबेंचसारख्या, त्रिमितीय चित्र तयार करण्याचा वेग मोजणाऱ्या चाचण्यांचे होते. त्या चाचणीला मोठ्या कॅशेचा जवळजवळ उपयोगच नसतो, म्हणून नवा प्रोसेसर जुन्यापेक्षा मागे दिसला आणि पुष्कळांनी तो मोडीत काढला. गेममध्ये मात्र त्याच प्रोसेसरने इंटेलच्या त्या वेळच्या सर्वांत महागड्या चिपांशी बरोबरी केली. इंटेलच्या कोअर अल्ट्रा ९ २८५के च्या बाबतीत नेमके उलट झाले. हायपरथ्रेडिंग (एका कोरकडून एकाच वेळी दोन कामे करून घेण्याची सोय) काढून टाकले जाणार ही रचनेची बातमी खरी ठरली आणि सिनेबेंचचे फुटलेले आकडेही चांगले होते. पण ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रोसेसर आला तेव्हा अनेक गेममध्ये तो आधीच्या १४९००के च्या मागे पडला. मेमरी कंट्रोलर (रॅमशी देवघेव करणारा भाग) कोरपासून वेगळ्या डायवर गेल्यामुळे रॅमपर्यंत पोहोचायला जास्त वेळ लागत होता, आणि सिनेबेंच रॅमकडे फारसे वळतच नाही.

मग विश्वासार्ह काय असते? अंतिम, दुकानात विकली जाणारी चिप घेऊन, पद्धत सांगून केलेली चाचणी. मार्च २०२१ मध्ये जर्मनीतील एका दुकानाने इंटेलचा कोअर आय७ ११७००के ठरलेल्या तारखेआधीच विकायला सुरुवात केली, आणि आनंदटेक या संगणक-परीक्षणाच्या संकेतस्थळाने तो विकत घेऊन ५ मार्च रोजी, म्हणजे ३० मार्चच्या विक्रीपूर्वी, सविस्तर परीक्षण छापले. त्यानंतर इंटेलने मायक्रोकोडमध्ये (प्रोसेसरच्या आतील सूचनांमध्ये) सुधारणा केल्या, तरी परीक्षणात दिसलेली गेममधील त्याची मूळ मर्यादा कायम राहिली. अशी संधी क्वचित मिळते. एरवी फुटलेले आकडे अभियांत्रिकी नमुन्यांचे असतात आणि त्यांचा वेग मुद्दाम कमी ठेवलेला असू शकतो.

गीकबेंचची एखादी नोंद समोर आलीच, तर वरचे दोन मोठे आकडे सोडून खालचा मजकूर वाचावा. त्यात मदरबोर्डचे नाव, रॅमचे प्रमाण, ऑपरेटिंग सिस्टिम आणि प्रोसेसरचा नोंदला गेलेला वेग दिलेला असतो. गीकबेंच ५ आणि ६ यांच्या गुणांची तुलना करता येत नाही, कारण फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या सहाव्या आवृत्तीत अनेक कोर मिळून एकच काम करतात, आणि कोर वाढले तरी गुण त्या प्रमाणात वाढत नाहीत. प्रोसेसरचे नाव तर आभासी मशीनमध्ये (सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकात) हवे ते घालता येते, म्हणून एकट्यादुकट्या नोंदीवरून मी कधीच मत बनवत नाही.

आपल्या खरेदीपुरते बोलायचे, तर नोव्हा लेकसाठी इंटेलने २०२६ ची अखेर सांगितली आहे. ५२ कोर आणि नवे सॉकेट या रचनेच्या बातम्या आहेत, त्यामुळे त्या खऱ्या ठरण्याची शक्यता मी बरीच मानतो. म्हणूनच आज इंटेलच्या एलजीए १८५१ सॉकेटचा मदरबोर्ड घेऊन पुढे त्यावरच नोव्हा लेक बसवण्याचा बेत आखू नये. एएमडीने एएम५ सॉकेटला २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही साथ देण्याचे जाहीर केले आहे. त्यामुळे आज एएम५ मदरबोर्डवर रायझन ७ ९७००एक्स घेतला, तर पुढे केवळ प्रोसेसर बदलण्याची वाट मोकळी राहते. थांबण्यात दुसराही धोका आहे. एआय सर्व्हरच्या मागणीमुळे २०२५ च्या उत्तरार्धापासून डीडीआर५ रॅम कमालीची महागली, आणि डिसेंबर २०२५ मध्ये रॅम बनवणाऱ्या मायक्रॉनने ग्राहकांसाठीचा क्रुशल हा व्यवसाय बंद करण्याची घोषणा केली. शिवाय अमेरिकेतील डॉलरची किंमत रुपयांत बदलून हिशेब मांडू नये, कारण आपल्याकडे त्यावर १८ टक्के जीएसटी आणि वितरकाचा वाटा चढतो.

एक गोष्ट मात्र कोणत्याही बेंचमार्कच्या गुणांत दिसत नाही आणि आपल्या कामासाठी ती सर्वांत महत्त्वाची आहे. आपला कॅमेरा १० बिट ४:२:२ एच.२६५ मध्ये (रंगांची जास्त माहिती साठवणाऱ्या व्हिडिओ-प्रकारात) चित्रण करत असेल, तर इंटेलचे क्विक सिंक (प्रोसेसरमधील व्हिडिओसाठीचा खास भाग) ते हार्डवेअरवर उलगडते आणि सध्याचे डेस्कटॉप रायझन ते करत नाहीत. अशा वेळी रायझन घ्यायचा झाल्यास सोबत एनव्हिडियाचे आरटीएक्स ५० मालिकेतील ग्राफिक्स कार्ड घ्यावे, कारण त्यात ही सोय आहे. तेव्हा आधी कॅमेऱ्याची सेटिंग तपासावी, मग प्रोसेसर ठरवावा, आणि मदरबोर्ड निवडताना पेनड्राइव्हवरून, प्रोसेसर न बसवताही, बायोस बदलता येईल असाच घ्यावा, म्हणजे पुढची चिप बसवताना जुन्या बायोसमुळे अडणार नाही.