पहिल्या स्पर्धेला निघण्याआधी

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

पुढच्या आठवड्यात तू पहिल्यांदाच जिल्ह्याबाहेर टेबल टेनिस खेळायला जाते आहेस. तुझ्या बॅकहँडबद्दल आता काही लिहीत नाही. जे घोटायचं ते घोटून झालं आहे. नियमपुस्तकात नसलेल्या किंवा असूनही मुलं उरकून टाकतात अशा गोष्टींसाठी हे पत्र.

मॅचआधी दोन मिनिटांचा सराव मिळतो, तो दोघींचा असतो. फोरहँडला फोरहँड, मग बॅकहँडला बॅकहँड, चेंडू चालू राहील असा द्यायचा. तिथेच स्मॅश मारून समोरचीला चेंडू आणायला पळवणं हा आडदांडपणा आहे. एकमेकींची रॅकेट बघायचा हक्क नियमानेच दिलेला आहे. तिची रॅकेट दांड्याला धरून घे, रबरावर घामट अंगठा टेकवू नकोस. पण लाँग पिंपल्स, म्हणजे लांब दाण्यांचं रबर, कोणत्या रंगाच्या बाजूला आहेत ते नीट बघून ठेव.

आता नेट आणि एज. चेंडू जाळीला घासून पलीकडे टपकला किंवा टेबलाच्या कडेला लागून निसटला, तर गुण तुझाच. तरी हात किंचित वर करायचा. असा गुण मिळाल्याचा आनंद होतो, हे दोघींनाही ठाऊक असतं. पण तो आपल्या कसबाने आला नाही, एवढं त्या हाताने मान्य करायचं. म्हणून त्यावर मूठ आवळून ओरडायचं नाही. तिची सर्व्हिस जाळीत गेली, तरीही नाही.

याहून अवघड प्रसंग पुढे आहे. टेबलाच्या वरच्या पृष्ठभागाची कड लागली तर चेंडू चांगला, उभ्या बाजूला लागला तर नाही. समज, तिचा फटका तुझ्या बाजूच्या कडेला पुसटसा लागला. पंचांना दिसलं नाही, तुला मात्र टक् असा आवाज आला. तेव्हा तू स्वतः कडेकडे बोट दाखवून गुण तिला द्यायचा. स्कोअर ९-९ असला तरी. त्या गुणावर मॅच जाणार असली तरीही. यात मी तुला कसलीही सूट देणार नाही. खरोखरच कळलं नसेल आणि पंच नसतील, तर तसं सांगून पॉइंट पुन्हा खेळा.

तिने मान वर करून तुझ्याकडे बघितल्याशिवाय सर्व्हिस करू नकोस. तू तयार नसशील तर रॅकेट हलवूच नकोस, हात वर कर. फटका मारायचा प्रयत्न केल्यावर ‘तयार नव्हते’ म्हणता येत नाही. शेजारच्या टेबलाचा चेंडू आत आला तर तेव्हाच ‘बॉल’ म्हणून थांबव. गुण गेल्यावर आठवण काढणं शोभत नाही. दुसऱ्या टेबलामागून जाताना तिथली रॅली संपेपर्यंत थांबायचं, हे तू पाळतेसच.

१०-० झाल्यावर, समोरचीला शून्यावर हरवू नये म्हणून मुद्दाम एक गुण सोडावा, असं तिथे कोणीतरी तुला सांगेल. चिनी खेळाडूंमध्ये ही रीत बरीच वर्षं होती. मला ती पटत नाही. २०१९ च्या बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत महिला एकेरीच्या अंतिम सामन्यात चीनच्याच लिउ शिवेनने चेन मेंगविरुद्ध पाचवा गेम ११-० असा घेतला. पुढच्याच गेममध्ये चेन मेंग ९ पर्यंत आली आणि लिउला ११-९ असं झुंजून विजेतेपद मिळवावं लागलं. समोरची खेळाडू कधीही उसळून येऊ शकते, हे मानून शेवटपर्यंत मनापासून खेळणं हाच मला तिचा खरा मान वाटतो. जाणूनबुजून बाहेर मारलेली सर्व्हिस तिलाही कळते, आणि ती बोचते.

मॅच संपली की आधी तिच्याशी हात मिळव, मग पंचांशी, मग तिच्या प्रशिक्षकांशी. हरलीस तरी नजर चुकवू नकोस.

आणि एक. अशा स्पर्धांत पंच कमी पडतात, तेव्हा नुकत्याच हरलेल्या खेळाडूला पुढच्या मॅचला स्कोअर धरायला बसवतात. डोळे भरलेले असले तरी पाणी पिऊन बस. सर्व्हिस करणारीचा स्कोअर आधी, मोठ्याने सांग, आणि दोघींकडे सारखं लक्ष दे.

तुझे,
सर